दुकानाचा स्वतःचा चॅट सर्व्हर : पहिल्यांदाच उभारणाऱ्यांसाठी

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी आमचे दिवाणजी काम सोडून मुलाकडे पुण्याला गेले. भांडण वगैरे काही नाही, वय झालं होतं. पण त्यांच्याबरोबर त्यांचा फोन नंबरही गेला, आणि त्या नंबरावर दुकानाची सात वर्षं होती. कुणाची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशोब) कधी पाठवली, कुठला माल गोदामात उतरला, कुणाचा सौदा काय दराने झाला, सगळं त्या एका फोनमध्ये. पुढचे चार महिने लोक त्यांनाच निरोप धाडत होते आणि ते बिचारे पुण्यातून आमच्याकडे पाठवत होते. अण्णा, म्हणजे माझे सासरे, एकदा वैतागून म्हणाले, “दुकान आपलं, पाटी आपली, आणि पत्ता दुसऱ्याच्या खिशात?”

शेतकऱ्यांसाठी आम्ही दुकानाच्या नावावर वेगळं सिम घेतलं, तो प्रश्न तिथेच मिटला. शेतकऱ्याला नवीन अ‍ॅप घ्यायला लावू नका, तो घेणार नाही आणि का घ्यावं त्याने? हा सर्व्हर आतल्या माणसांसाठी आहे: दुकान, गोदाम, हिशोब बघणारे आणि घरचे. आमच्याकडे चौदा जण आहेत.

मी बी.कॉम. झालेली, इंजिनिअर नाही. चुलतभाऊ बेंगळुरूला सर्व्हर सांभाळायची नोकरी करतो. त्याने फोनवर तोंडी सांगायचं आणि मी टाइप करायचं, असं तीन रविवार चाललं. म्हणून खालच्या आज्ञाही मी बोलल्यासारख्याच लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत, शब्दाशब्दात एक जागा सोडून टाकायच्या. ‘तुमचंनाव.इन’ जिथे दिसेल तिथे तुमचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं तुमचं नाव, समजा.

निरोप पाठवायला आपण वापरणार ती पद्धत एक्सएमपीपी. १९९९ साली जेरेमी मिलर यांनी ती ‘जॅबर’ या नावाने पुढे आणली आणि २००४ साली आयईटीएफ या संस्थेने तिला इंटरनेटच्या प्रमाणांमध्ये घेतलं. पत्ता ईमेलसारखाच असतो, आधी नाव, मग ‘@’, मग डोमेन. सर्व्हर कुणीही चालवावा, अ‍ॅप कुठलंही वापरावं. सर्व्हरसाठी आम्ही प्रोसोडी घेतलं. ते फुकट आहे, लुआ भाषेत लिहिलेलं आहे आणि एक जीबी रॅममध्ये निवांत चालतं. मॅट्रिक्स या अशाच दुसऱ्या पद्धतीचा सिनॅप्स सर्व्हरही मी आठवडाभर चालवून पाहिला. दिसायला देखणा, पण आमच्या छोट्या मशीनला तो झेपला नाही.

पुढचं वाचून धडकी भरलीच तर स्निकेट बघा. तो प्रोसोडीचाच भरून दिलेला डबा आहे, डॉकरवर (असे तयार डबे चालवणारं सॉफ्टवेअर) चालतो, आणि माणसं आमंत्रणाच्या लिंकवरून आत येतात. कुटुंबापुरतं हवं असेल तर मी तेच सांगेन. दुकानासाठी मात्र मला आतली प्रत्येक कळ हाताखाली हवी होती.

आधी हे जवळ घ्या

- स्वतःच्या नावावरचं डोमेन आणि त्याच्या डीएनएस पॅनेलचा (कुठलं नाव कुठल्या मशीनकडे जातं ते लिहायची जागा) पासवर्ड
- डेबियन लिनक्स १२ किंवा १३ असलेलं एक जीबी रॅमचं भाड्याचं मशीन, म्हणजे व्हीपीएस, आणि त्याला स्वतःचा आयपीव्ही४ पत्ता
- पैसे भरायला कार्ड. कंपनी परदेशी असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का ते बघा, बहुतेकदा बंद असतात
- एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर आज्ञा चालवायचं साधन, चालेल असा लॅपटॉप (विंडोज १० आणि ११ मध्ये ते साधन असतंच)
- एक दोनशे पानी वही. हसू नका. कुठली नोंद कधी बदलली हे लिहून ठेवलं नाही तर तिसऱ्या दिवशी स्वतःच गोंधळाल

१. आधी नाव, आणि ते कुणाच्या खात्यात आहे ते

या सगळ्या कामात एकच गोष्ट नंतर बदलता येत नाही, ती म्हणजे पत्ता. मशीन बदलेल, सॉफ्टवेअर बदलेल, व्हीपीएसची कंपनी बदलेल, कुणाला कळणारही नाही. पण ‘सौदा@तुमचंनाव.इन’ हा पत्ता एकदा चौदा फोनांत गेला की डोमेन बदलणं म्हणजे सगळी खाती नव्याने उघडणं. म्हणून इथे घाई नको.

पहिला सापळा इथेच आहे, आणि आम्ही त्यात अडकलो होतो. आमच्याकडे दुकानाच्या नावाचं डोमेन ‘होतं’. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने ते घेतलं होतं, पण स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या खात्यात. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण दिवाणजींच्या फोनची गोष्ट दुसऱ्या रूपात पुन्हा समोर आली. त्याच्याकडून डोमेनचं कुलूप काढून घेतलं, ऑथ कोड (डोमेन हलवायला लागणारा परवलीचा शब्द) घेतला, आणि डोमेन दुकानाच्या खात्यात आणलं. तुमच्याकडे डोमेन असेल तर आज, आत्ता, रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, खात्यात स्वतः लॉगिन करून बघा. लॉगिन करता आलं नाही, तर डोमेन तुमचं नाही असंच धरा.

घेताना पहिल्या वर्षाचा स्वस्त दर बघू नका, दुसऱ्या वर्षाचा नूतनीकरणाचा दर बघा. ऑटो-रिन्यूवर विसंबू नका, तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. मुदत संपून डोमेन दुसऱ्याने घेतलं तर तुमच्या पत्त्यावर येणारे निरोपही त्याच्याच दारात जातील.

देवनागरीत ‘.भारत’ हा शेवट असलेलं डोमेन २०१४ पासून मिळतं आणि पाटीवर ते फार छान दिसतं. पण चॅटच्या पत्त्यासाठी मी साधं इंग्रजी अक्षरांतलंच घेतलं. पत्ता फोनवर तोंडी सांगावा लागतो, आणि लोकांना कीबोर्ड बदलायला लावला की अर्धे तिथेच गळतात.

दुसरा निर्णय असा: पत्ता ‘सौदा@तुमचंनाव.इन’ ठेवायचा की ‘सौदा@चॅट.तुमचंनाव.इन’? दुसरा प्रकार उभारायला सोपा आहे, कारण तुमची वेबसाइट जिथे आहे तिथे राहते आणि कशाला हात लावावा लागत नाही. पहिल्याला कष्ट जास्त. तरी आम्ही पहिलाच घेतला, कारण दुकानाचा ईमेलही त्याच नावावर आहे आणि पत्ता एकच सांगता येतो. तुमची वेबसाइट दुसऱ्याच्या हातात असेल आणि तो हात सहज मिळत नसेल, तर मुकाट्याने ‘चॅट.’ लावा.

२. मशीन घरात नको

जुना संगणक पडून आहे, तोच सर्व्हर करू, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं. आमचं घर गावभागात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. वह्या आम्ही माडीवर नेल्या, संगणक खालीच राहिला आणि गेला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच धावपळ.

पूर सोडा, रोजचंही कारण आहे. घरच्या इंटरनेटला बहुतेक वेळा बाहेरून दिसणारा स्वतःचा पत्ता मिळतच नाही. शेकडो घरं एकाच पत्त्यामागे असतात, त्याला सीजीनॅट म्हणतात, आणि अशा घरातल्या सर्व्हरचं दार बाहेरून वाजवता येत नाही. तपासायचं असेल तर राउटरच्या पानावर दिसणारा पत्ता आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या कुठल्याही साइटवरचा पत्ता ताडून बघा. दोन्ही वेगळे निघाले तर विषय संपला.

व्हीपीएस मुंबईतला मिळाला तर तो घ्या, निरोप पटकन पोचतात. सर्वात लहान मशीन पुरतं. विक्रेता मोठं गळ्यात घालायला बघेल, मोठं नंतर कधीही करता येतं.

३. डीएनएसच्या नोंदी

इथे मी पूर्ण एक रविवार घालवला, म्हणून सावकाश सांगते.

आधी तीन ‘ए’ नोंदी करा: ‘चॅट’, ‘ग्रुप’ आणि ‘फाइल’ या तीन उपनावांना व्हीपीएसचा आयपी पत्ता द्या. ‘चॅट’ हे मशीनचं नाव, ‘ग्रुप’वर गट राहतील, ‘फाइल’वर फोटो आणि पावत्या चढतील.

मग दोन ‘एसआरव्ही’ नोंदी. मुख्य डोमेन वेबसाइटकडे जात असलं तरी चॅटवाल्यांनी कुठे जायचं, हे या नोंदी सांगतात. यार्डाच्या फाटकावरचा रखवालदार जसा “हळदवाले डावीकडे” म्हणतो तसं. पहिलीचं नाव: अंडरस्कोर, एक्सएमपीपी, आडवी रेघ, क्लायंट, टिंब, अंडरस्कोर, टीसीपी. प्राधान्य ०, वजन ५, पोर्ट (मशीनच्या दाराचा क्रमांक) ५२२२, लक्ष्य ‘चॅट.तुमचंनाव.इन’. दुसरी तशीच, फक्त ‘क्लायंट’च्या जागी ‘सर्व्हर’ आणि पोर्ट ५२६९.

आता खड्डे.

काही पॅनेल नावाच्या शेवटी तुमचं डोमेन आपणहून जोडतात. तुम्ही पूर्ण नाव लिहिलंत की नोंद होते ‘…तुमचंनाव.इन.तुमचंनाव.इन’. वर सगळं हिरवं दिसतं आणि चालत काहीच नाही. लक्ष्याच्या शेवटी टिंब द्यायचा की नाही हेही प्रत्येक पॅनेलचं वेगळं. नोंद जतन केल्यावर ती पूर्ण कशी दिसते ते वाचा, आपण काय टाइप केलं ते नव्हे.

एसआरव्हीचं लक्ष्य ‘सीनेम’ (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी) नोंद नसावी, सरळ ‘ए’ नोंदच हवी.

काही डीएनएस सेवा वाहतूक स्वतःमधून फिरवायची सोय देतात, नोंदीपुढे प्रॉक्सीचं बटण असतं. ते वेबसाइटसाठी ठीक आहे. चॅटच्या तिन्ही नावांसाठी बंद करा, नाहीतर ५२२२ वर कुणी पोचणार नाही.

आणि नोंद बदलून दोन मिनिटांत चाललं नाही म्हणून पुन्हा बदलू नका. टीटीएल नावाचा आकडा असतो, तेवढे सेकंद जुनं उत्तर जगभर लक्षात ठेवलं जातं. काम चालू असेपर्यंत तो ३०० ठेवा. मी तो न बघता तासाभरात सहा वेळा नोंद बदलली, आणि शेवटी बरोबर काय होतं तेच कळेना. वहीची सवय मला तेव्हा लागली.

४. पोर्ट

व्हीपीएसवर ‘यूएफडब्ल्यू’ नावाची फायरवॉल बसवा. क्रम महत्त्वाचा आहे. सर्वात आधी २२ उघडा, कारण तुम्ही स्वतः त्याच दाराने आत आलेल्या असता. तो न उघडता फायरवॉल चालू केली की तुम्हीच बाहेर. मग ५२२२, ५२६९, फाइलींसाठी ५२८१ आणि सर्टिफिकेटसाठी ८०. त्यानंतरच ‘यूएफडब्ल्यू इनेबल’.

अनेक कंपन्यांच्या पॅनेलमध्ये याशिवाय वेगळी फायरवॉल असते. दोन्हीकडे उघडायला हवं.

५२६९ हा पोर्ट दुसऱ्या सर्व्हरांशी बोलण्यासाठी असतो. आम्हाला बाहेरच्यांशी बोलायचंच नाही, मग कशाला उघडा, असं म्हणून मी तो बंद ठेवला. अँड्रॉइडवाल्यांचं सुरळीत चाललं. नणंदेच्या आयफोनवर मात्र अ‍ॅप उघडल्याशिवाय निरोप येईना. दोन दिवस मी तिच्या फोनला नावं ठेवली. कारण निघालं ते हे: आयफोनला जागं करणारी सूचना अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या सर्व्हरमार्फत जाते, आणि आपला सर्व्हर त्यांच्याशी याच ५२६९ च्या वाटेने बोलतो. आयफोन असतील तर उघडा ठेवा.

५. प्रोसोडी बसवणं

बसवणं दोन ओळींचं: ‘सुडो एपीटी अपडेट’, मग ‘सुडो एपीटी इन्स्टॉल प्रोसोडी प्रोसोडी-मॉड्यूल्स’. चहा ठेवेपर्यंत होतं.

खरं काम कॉन्फिग फाइलचं, म्हणजे सेटिंगच्या फाइलचं. ती ‘ईटीसी’मधल्या ‘प्रोसोडी’ फोल्डरात असते, नाव ‘प्रोसोडी.सीएफजी.लुआ’. हात लावायच्या आधी तिची प्रत काढून ठेवा. फाइल वरून खाली वाचली जाते, आणि एक नियम कुणी मोठ्याने सांगत नाही: ‘व्हर्च्युअलहोस्ट’ ही ओळ आली की तिच्याखालचं सगळं फक्त त्या होस्टपुरतं लागू होतं. सगळ्यांना लागू व्हायचं ते त्या ओळीच्या वर. मी एक ओळ फाइलच्या अगदी तळाशी चिकटवली आणि ती का चालत नाही म्हणून तासभर बसले.

यात काय काय हवं:

‘अ‍ॅडमिन्स’मध्ये तुमचा स्वतःचा पत्ता.

‘अलाउ रजिस्ट्रेशन’ फॉल्स. हे ट्रू ठेवलं तर आठवड्यात तुमच्या सर्व्हरवर जगभरचे फुकट जाहिराती वाटणारे येऊन बसतील आणि बदनामी तुमच्या डोमेनची.

‘ऑथेंटिकेशन’ला ‘इंटर्नल हॅश्ड’, म्हणजे पासवर्ड फाइलीत उघडे राहत नाहीत.

मॉड्यूलांच्या यादीत ‘मॅम’, ‘कार्बन्स’, ‘स्मॅक्स’, ‘सीएसआय सिंपल’ आणि ‘क्लाउड नोटिफाय’ आहेत ना ते बघा. काही ओळींपुढे दोन आडव्या रेघा असतात, म्हणजे ती ओळ झोपलेली आहे. रेघा काढल्या की जागी होते. मॅम निरोप साठवतं, कार्बन्समुळे फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे तेच दिसतं, आणि स्मॅक्समुळे रेंज जाऊन आली तरी निरोप हरवत नाहीत. मिरज स्टेशनात गाडी शिरताना फोनचं काय होतं ते माहीत असेल, तर स्मॅक्स का हवं हे वेगळं सांगायला नको.

मग तुमच्या डोमेनची ‘व्हर्च्युअलहोस्ट’ ओळ, तिच्याखाली ‘ग्रुप.’ नावासाठी ‘एमयूसी’ (गटातल्या गप्पांचा) कंपोनंट आणि ‘फाइल.’साठी ‘एचटीटीपी फाइल शेअर’. ग्रुपच्या कंपोनंटमध्ये ‘एमयूसी मॅम’ वेगळं चालू करावं लागतं. ते राहिलं तर गटातले जुने निरोप नव्या फोनवर दिसत नाहीत.

तीन आकडे बदला, नाहीतर पस्तावाल. साठवलेले निरोप प्रोसोडी एका आठवड्यानंतर पुसतं, आणि चढवलेल्या फाइलीही आठवड्यानेच. शिवाय एका फाइलीची मर्यादा १० एमबी. घरगुती गप्पांना आठवडा ठीक आहे. आमच्याकडे काट्याच्या पावतीचा फोटो दोन महिन्यांनी लागतो. आम्ही निरोप आणि फाइली दोन्ही एक वर्ष ठेवतो. फाइलींची मुदत सेकंदांत आणि मर्यादा बाइटमध्ये लिहायची असते, शून्यं मोजून घ्या.

शेवटी ‘सुडो प्रोसोडीसीटीएल चेक’. ही आज्ञा सोन्यासारखी आहे. कॉन्फिगमधला राहिलेला स्वल्पविराम, डीएनएसची चुकलेली नोंद, मुदत संपत आलेलं सर्टिफिकेट, सगळं साध्या इंग्रजीत सांगते. बाहेर कुठे विचारायच्या आधी ती चालवा आणि ती काय म्हणते ते शेवटपर्यंत वाचा.

६. सर्टिफिकेट

सर्व्हर खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे फोनला पटवणारा दाखला म्हणजे सर्टिफिकेट. ते लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं, ९० दिवस चालतं, आणि ‘सर्टबॉट’ नावाचं साधन ते आणून देतं.

सर्वात जास्त लोक इथे चुकतात. सर्टिफिकेट मशीनच्या नावाचं, म्हणजे ‘चॅट.तुमचंनाव.इन’चं, घेतात. फोन तपासतो ते पत्त्यातलं नाव. पत्ता ‘सौदा@तुमचंनाव.इन’ असेल तर सर्टिफिकेट ‘तुमचंनाव.इन’चंच हवं. त्याच्याबरोबर ‘ग्रुप.’ आणि ‘फाइल.’ ही दोन नावंही घ्या.

मुख्य डोमेन याच व्हीपीएसकडे वळलेलं असेल तर सोपं आहे. सर्टबॉटला ‘स्टँडअलोन’ पद्धतीने चालवा, ते ८० पोर्टवर स्वतः तपासणी करून घेतं. पण वेबसाइट दुसरीकडे असेल तर ही तपासणी वेबसाइटच्या मशीनवर जाते आणि फसते. मग डीएनएसमध्ये एक ‘टीएक्सटी’ नोंद करून ‘हे डोमेन माझंच’ असं दाखवायचं. हे हाताने करता येतं, आणि तोच सापळा आहे. मी हाताने केलं, मिनिटात झालं, खूश होऊन झोपले. ९० दिवसांनी, ऐन हंगामात, सकाळी सौदे सुरू व्हायच्या वेळेला सगळ्यांच्या फोनवर लाल इशारा. हाताने केलेली तपासणी आपणहून पुन्हा होत नाही. लेट्स एन्क्रिप्ट मुदत संपण्याआधी आठवणीचा मेल पाठवायचं, तेही जून २०२५ पासून बंद झालं आहे. तुमच्या डीएनएस सेवेसाठी सर्टबॉटचं प्लगइन आहे का ते बघा आणि तेच वापरा. नसेल तर डीएनएस दुसऱ्या सेवेकडे हलवा. डोमेन जिथे घेतलं तिथेच डीएनएस ठेवावं लागतं असं नाही.

खरी मागणी करण्याआधी ‘ड्राय-रन’ लावून बघा. सारखं चुकत राहिलं तर लेट्स एन्क्रिप्ट तासभर दार बंद करतं.

आणखी एक. सर्टबॉटने आणलेल्या फाइली फक्त रूटला, म्हणजे मशीनच्या मुख्य वापरकर्त्याला, वाचता येतात, प्रोसोडी वेगळ्या नावाने चालतं, त्यामुळे त्याला त्या दिसतच नाहीत. ‘प्रोसोडीसीटीएल’ची ‘रूट’ खूण लावून ‘सर्ट इम्पोर्ट’ ही आज्ञा त्या फाइली योग्य जागी आणते. तीच आज्ञा सर्टबॉटच्या ‘डिप्लॉय हुक’मध्ये घाला, म्हणजे दर नूतनीकरणानंतर आपोआप चालेल. हे विसरलात तर सर्टिफिकेट नवं आलेलं असतं आणि सर्व्हर जुनंच दाखवत बसतो.

७. खाती, आणि चौदा माणसांचे चौदा फोन

‘प्रोसोडीसीटीएल अ‍ॅडयूजर’ आणि पुढे पूर्ण पत्ता. पासवर्ड दोनदा विचारेल.

दुकानाची खाती माणसांच्या नावाने उघडू नका, कामाच्या नावाने उघडा. आमच्याकडे ‘सौदा’, ‘पट्टी’, ‘गोदाम’ अशी आहेत. घरच्यांची मात्र ज्याच्या त्याच्या नावाने.

अँड्रॉइडवर कॉन्व्हर्सेशन्स हे अ‍ॅप. प्ले स्टोअरवर विकत, एफ-ड्रॉइडवर फुकट. आयफोनवर मोनल, संगणकावर गाजिम किंवा डिनो. प्रत्येक अँड्रॉइड फोनवर लगेच एक काम करा: बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन या अ‍ॅपवरची बचत बंद करा. “निरोप उशिरा येतात” अशा तक्रारी आमच्याकडे आल्या, त्यांतल्या जवळपास सगळ्या इथेच मिटल्या. गोदामातल्या मामांच्या फोनवर ते सेटिंग तीन वेगवेगळ्या ठिकाणी निघालं.

आता ओमेमो. हे दोन्ही टोकांचं कूटलेखन. ते चालू असेल तर सर्व्हरवर बसलेल्या मलाही निरोप वाचता येत नाही. घरच्या खात्यांना ते चालू ठेवा. पण ओमेमोने आलेले जुने निरोप नव्या फोनवर उघडत नाहीत, आणि दुकानाच्या खात्यांचा तर सगळा हेतूच जुनं वाचता यावं हा. म्हणून तिथे आम्ही ते बंद ठेवलं. कॉन्व्हर्सेशन्समध्ये ते सहसा आपोआप चालू असतं, सेटिंगमध्ये बदलावं लागतं. बंद ठेवणार असाल तर माणसांना तोंडावर सांगा की दुकानाच्या खात्यातलं सर्व्हरवर वाचता येतं. आम्ही सगळ्यांना बसवून सांगितलं. गोदामातले मामा म्हणाले, “मग बायकोला त्यावरून काही लिहायचं न्हाई, एवढंच ना?” एवढंच.

कॉल हवे असतील तर ‘कोटर्न’ नावाचा आणखी एक सर्व्हर त्याच मशीनवर लागतो, पोर्ट ३४७८, शिवाय वरचे बरेच यूडीपी पोर्ट. आम्ही ते केलं आणि कुणी वापरत नाही, सगळे सरळ फोन लावतात. पहिल्या महिन्यात त्याच्या नादी लागू नका.

८. बॅकअप

दोन फोल्डर जपायचे: ‘ईटीसी’मधला ‘प्रोसोडी’ आणि ‘व्हार, लिब’मधला ‘प्रोसोडी’. रोज रात्री दोन वाजता त्यांची टार फाइल (सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं) होते आणि दुकानातल्या संगणकावर उतरते. दर महिन्याला मी ती पेन ड्राइव्हवर घेऊन माडीवरच्या कपाटात ठेवते. बॅकअप त्याच व्हीपीएसवर ठेवला तर मशीनबरोबर तोही जातो.

एकदा तो परत लावूनही बघा. आम्ही मुद्दाम दुसऱ्या कंपनीकडे मशीन घेतलं, आदल्या दिवशी टीटीएल कमी केला, जुना सर्व्हर थांबवून दोन्ही फोल्डर हलवले, डेबियनने जो ‘प्रोसोडी’ वापरकर्ता केलेला असतो त्याच्याकडे मालकी दिली आणि ‘ए’ नोंदींतला आयपी बदलला. रविवारी दुपारी पाऊण तासात झालं. कुणाच्याही फोनला हात लावावा लागला नाही.

९. माणूस सोडून जातो तेव्हा

कामाच्या खात्याचा पासवर्ड ‘प्रोसोडीसीटीएल पासवर्ड’ने बदला (या आज्ञेत ‘पासवर्ड’चं आखूड रूप ‘पासडब्ल्यूडी’ टाइप करायचं) आणि सर्व्हर एकदा रीस्टार्ट करा, म्हणजे जुना फोन पुन्हा आत येऊ शकत नाही. त्या फोनवर उतरलेले निरोप तिथे राहतात, ते सर्व्हर पुसू शकत नाही. पासवर्ड बदलायचं काम मागे कधी राहू नये म्हणून मी वहीच्या शेवटच्या पानावर कुठलं खातं कुणाच्या हातात आहे ते लिहून ठेवते.

यंदा दिवाळीनंतर नवे दिवाणजी आले. त्यांना ‘पट्टी’चं खातं लावून दिलं. दुपारभर ते गल्ल्याशेजारी बसून मागच्या हंगामातले निरोप वर वर सरकवत वाचत होते. मग चष्मा कपाळावर नेऊन म्हणाले, “वहिनी, हा कडेगावचा माल अजून गोदामातच पडून आहे का?”

होता. सत्तावीस पोती.